बेसमेंटला तळघर म्हणू नये

बाई,

माझी गोष्ट इकडच्या, परदेशातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात छापली जाणार, हे काल संपादकांनी स्वतः फोन करून पक्कं सांगितलं. अंक शुद्ध मराठीत निघतो, म्हणून गोष्टीतल्या 'बेसमेंट'चं त्यांनी सगळीकडे 'तळघर' केलं आहे, आणि म्हातारीच्या खिडकीत तुळशीची कुंडी ठेवली आहे. "ताई, डोन्ट माइंड हं, त्यानं जरा वातावरण येतं," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज तुटायला लागला. "थांबा, वर येतो. बेसमेंटमध्ये सिग्नल जातो."

मला हसू आलं नाही. तुम्ही आठवलात, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा तुमच्यावर धड रागावता आलं.

गोष्ट साधी आहे. नागपूरची एक म्हातारी इकडे नॉर्थ यॉर्कला मुलाकडे येते. वर तिच्यासाठी खोली तयार असते, पण ती हट्टानं बेसमेंट मागून घेते. तिथे वेगळं दार आहे, वेगळी शेगडी आहे, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या हातात किल्ली आहे. छताजवळच्या वीतभर खिडकीतून तिला बर्फ दिसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट. बुटांवरून ती माणसं ओळखायला लागते. आता यात तळघर घाला. तळघरात धान्य साठवतात, नाहीतर माणूस कोंडतात. एका शब्दानं तिचा मुलगा दुष्ट झाला आणि तिच्या हातातली किल्ली गेली. आणि त्या खिडकीत कुंडी ठेवली तर बूटही दिसायचे नाहीत.

आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं, माझ्या मजकुराला कात्री लागली म्हणून मी कधी भांडले नाही. आणि तुम्हाला हे कळत नसतं, तर तुमच्याशीही भांडले नसते. पण हे तुम्हीच शिकवलंत. आठवीचा वर्ग आहे, पाठातला गडी उंबऱ्याबाहेर बसून जेवतो आहे. तुम्ही पुस्तक मिटता आणि विचारता, तो आत का बसला नाही? वर्ग गप्प. मला उत्तर ठाऊक असतं, म्हणून मी जास्तच गप्प. मग तुम्ही सांगता, "लेखकानं त्याचं दुःख कुठेही सांगितलेलं नाही. त्याला कुठे बसवलं, तेवढंच सांगितलं. जागा वाचायला शिका."

त्याच आठवड्यात 'माझे घर' हा निबंध आला. मी लिहिलं, आमच्या दारात पाण्याचा ड्रम आहे. त्यावर झाकण म्हणून सायकलच्या दुकानाची जुनी पत्र्याची पाटी आहे, आणि तिच्यावरची अक्षरं लावत मी वाचायला शिकले. तुम्ही ते लाल शाईनं खोडलंत, वर लिहिलंत, 'दारात तुळशीवृंदावन आहे.' म्हणालात, "ड्रम काय गं लिहायचा निबंधात? घर कसं प्रसन्न वाटलं पाहिजे." आमच्या वस्तीत कुणाच्याच दारी तुळस नव्हती. आमच्याकडे भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तुम्हाला ते ठाऊक होतं, बाई. हजेरीला माझं आडनाव रोज तुम्हीच वाचायचात. पुस्तकातल्या गड्याची जागा तुम्हाला वाचता आली. पहिल्या बाकावरच्या मुलीची तुम्ही बदलून टाकलीत, आणि वर ती चांगली दिसावी म्हणून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट कबूल करते. तो निबंध तुम्ही वर्गात वाचून दाखवलात. तुळशीच्या वाक्याला पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि मला फार बरं वाटलं होतं. तेवढ्या वेळापुरतं मला ते घर हवं होतं.

अंक शुक्रवारी छापायला जाईल. त्याआधी, उद्या संध्याकाळी, संपादक माझा होकार घ्यायला फोन करतील. बेसमेंट परत द्या, नाहीतर गोष्ट परत द्या, एवढंच मी सांगणार आहे. ते म्हणतील, थांबा ताई, नीट ऐकू येत नाही, वर येतो.