सानिकाची रीत

बजाजनगर, गुरुवार

मंडळी, बरेच दिवस इथं लिहिलं नाही, माफी असावी. मन थाऱ्यावर नव्हतं.

नात सानिका चौथीत. गणिताच्या पेपरात उत्तरं सगळी बरोबर, पण रीत एकाचीही लिहिली नाही. बाईंना वाटलं, कॉपी केली. कॉपी! पोरगी धड जेवलीसुद्धा नाही. तिच्याकडून दीडकी, म्हणजे दीडपटीचा पाढा, मीच पाठ करून घेतली. आमच्या वेळी उत्तर आलं की झालं. रीत कोण विचारत होतं?

आज शाळेत गेलो. "बाई, हिला तोंडी विचारा."

"सोळाची दीडपट?" बाईंनी विचारलं.

"चोवीस," सानिका फटकन म्हणाली.

"कशी आली?"

पोरगी माझ्याकडे बघू लागली. मी तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "आजोबा, परीक्षा तिची आहे." मग त्यांनी खडूचे तुकडे दिले. सानिकानं सोळा मांडले, शेजारी आठ ठेवले. "हे सोळा, अन् हे त्याचे निम्मे."

बाई हसल्या. "कॉपी नाही हिची. पण हेच कागदावर यायला हवं. सोमवारी परत पेपर घेते."

वाटेत सानिका म्हणाली, "आबा, तुम्हाला तरी रीत लिहिता येती का?"

"नाय येत."

"मग मला कोण शिकवणार?"

सातवी नापास माणूस मी. तरी ठरवलंय. रोज तिनं रीत लिहायची, मी वाचायची. मला कळेपर्यंत तिनं परत लिहायची. मला कळली, तर बाईंना कळेलच.

बाई, तुम्हीही हे वाचत असाल, तर सोमवारी पेपर तपासला की लगेच फोन करा. जीव टांगणीला लागलाय.