चौकटीवरच्या तीन टिकल्या

बुधवार, संध्याकाळ

पुंडलिकनगरच्या काकांकडून घेतलेल्या जुन्या ड्रेसिंग टेबलाला आज घरी केलेला रंग दिला. डिस्टेंपरात पांढरी रांगोळी चाळून घातली, लई छान बसला. फक्त आरशाच्या चौकटीवर तीन उंचवटे राहिले. आळस माझा, दुसरं काय? काकूंच्या टिकल्या न काढताच ब्रश फिरवला.

दुपारी काकांचा फोन. "ताई, चौकटीवर हिच्या टिकल्या होत्या. ती गेल्यावर माझ्यानं काढवल्या नाहीत. फेकल्या असतील ना?"

"नाही काका, आहेत तिथंच."

खोटं बोलले का मी? मग पॉलिश पेपरनं उंचवटे हळूहळू घासत बसले. दोन टिकल्या झिजून गेल्या. तिसरी रंगाखालून अख्खी निघाली, मरून रंगाची; ती तिथंच राहू दिली.

काकांना उद्या चहाला बोलावलंय. त्या दोन जागी माझ्या लावू का?

नको. रिकाम्याच दाखवीन.