आडवं ठेवलेलं घड्याळ

प्रिय अँब्रोज,

डील बंदरातल्या आमच्या घराच्या मागच्या दारी मी वाटाणे सोलत होते आणि तू जहाजावरचं वाळूचं घड्याळ खिडकीत ठेवलंस, आठवतं? वाळू संपली की उठायचं, हे तूच ठरवलेलं. संपत आली की हळूच उलटं करायचास. पहारा लवकर संपावा म्हणून वाळू चोरणारे खलाशी ऐकले होते, लांबवणारा अधिकारी पहिलाच, असं मी म्हटलं, तर तू माझेच वाटाणे तोंडात टाकत हसलास. जाताना घड्याळ तिथंच राहिलं.

त्याच वसंतात तो कायदा आला. राजाच्या जहाजावर हुकूम चालवायचा तर राजाच्या चर्चमध्ये प्रसाद घ्यायचा आणि आपल्या जुन्या कॅथलिक धर्माविरुद्ध शपथ वाहायची. बाराव्या वर्षी कप्तानाचे बूट पुसायला जहाजावर चढलेला तू आता स्वतः कप्तान होणार होतास. तरी येऊन म्हणालास, "विनी, जहाज सोडतो. लग्न करू, मासे विकू." बोलताना तुझी नजर मात्र छपरावरच्या, वारा दाखवणाऱ्या वातकुक्कुटावर होती. तू गेल्यावर मी जाइल्सदादाला सांगितलं, त्याला म्हणावं, विनी समुद्रापलीकडे गेंटला गेली, ज्या मठात शिकली तिथंच जोगीण व्हायला. आपल्या लोकांत घराघरातली एक मुलगी तिकडे जायचीच, म्हणून तुला शंकासुद्धा आली नाही. एकदा यायला हवी होती, अँब्रोज.

तू शपथ वाहून कप्तान झालास, आणि मी मैलभरावर, वॉल्मरला मावशीकडे होते. वाऱ्याची वाट पाहत तुझी जहाजं अकरा वेळा इथं समोर नांगरली. तुर्कांच्या स्मर्ना बंदराकडे व्यापाऱ्यांची राखण करायला निघालेलं, आफ्रिकेतल्या टँजियरहून मोडून अर्ध्या उरलेल्या डोलकाठीनं परतलेलं, मग ते सत्तर तोफांचं. दर वेळी किनाऱ्यावर येऊन तू जाइल्सच्या संधिवाताची थट्टा करायचास आणि निघताना विचारायचास, मठात पत्र पोचतं का. तो नाही म्हणायचा. मग दोन दिवस माझ्याशी बोलायचा नाही.

ही तुझी शेवटची सफर, असं तो सांगतो. जहाज नाताळापर्यंत येईल. माझ्या छातीतली गाठ पाहून वैद्य म्हणाला, शरदात सफरचंदं उतरेपर्यंतच जगशील. म्हणून हे पत्र. तू किनाऱ्यावर उतरलास की जाइल्स देईल. माझी जपमाळ त्याच्या लेकीला, अर्सुलाला मिळावी. मावशीची गोधडी माझी उठबस करणाऱ्या जोनला, राखाडी शालही तिलाच. घड्याळ तुझं. तू ते खिडकीत विसरलास त्या दिवसापासून मी ते आडवंच ठेवलंय, तेव्हा वर उरलेली थोडी वाळू अजून तशीच आहे. ते तू उभं कर, आणि संपेपर्यंत बस.

तुझीच, गेंटला कधीच न गेलेली,
विनिफ्रेड