भट्टीमागचा खड्डा

कुंडल, ता. पलूस. रविवार, ९ मार्च २०२५.

या वहीत आठ महिने एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा मागतो. कुणाची, ते कळत नाही. आज लिहितो आहे ती रोजनिशी नसून मृत्युपत्र आहे.

मी मदन भूपाल मगदूम, वय ४७, बी.एस्सी., धंदा सोन्याचांदीची गलाई, म्हणजे जुने दागिने गाळून शुद्ध धातू काढणे. मंगळवारी सांगलीत फुप्फुसाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही. झोप मात्र नाही. त्या भरवशावर पुढील व्यवस्था करतो.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी त्रिशलाला. तिने कुणाला विचारत बसू नये.

२. घरातले सोने मुलगी कीर्तीला. लग्नात हेच मोडून नवे घडवावे, खाणीतले घेऊ नये. ऊस तोडला की खोडवा फुटतो. सोने एकदा काढले की पुन्हा उगवत नाही. एका अंगठीसाठी टनावारी दगड फोडतात, तो सायनाइडने धुतात. "आम्ही डोंगर फोडत नाही, जुने शुद्ध करतो," असे मी गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचो. एक्स-रेच्या फिल्ममधून, जुन्या स्विचांतून चांदी काढली. ते खरे होते, पण अर्धेच.

३. तराजू भागीदार बाळासोला; त्याचा हात माझ्याहून स्थिर आहे. उरलेल्या तेजाबाबद्दल, म्हणजे नायट्रिक ॲसिडबद्दल, मी कुरकुरलो तेव्हा तो कामगारांसमोर म्हणाला होता, "आवं मदनशेठ, पाणी घालून पातळ केलं की झालं. कालेजात एवढं बी शिकवलं न्हाई व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. त्याला माफ केले आहे. माझ्या हसण्याला नाही.

४. भट्टी फोडावी. आमच्या धंद्यात जागा सोडताना जमिनीची मातीसुद्धा खरवडून गाळतात, सोन्याचा कण सुटू नये म्हणून. ते जरूर करावे. पण भट्टीमागचा खड्डाही उकरावा. त्यात कण नाही, म्हणून तीस वर्षे त्याला कुणी हात लावला नाही. चांदी काढून उरलेले तेजाब तिथे आधी वडील ओतत, नंतर मी. आई पाणी दुहेरी फडक्याने गाळायची आणि फडक्यातले जीव जपून त्याच विहिरीत परत सोडायची. विहीर खड्ड्यापासून तीस पावलांवर. आम्हा जैनांच्या घरात हे रोज चालले, आणि कुणाला, मलाही, काही खटकले नाही.

५. शेजारी जैनुद्दीनचाचा यांच्या बोअरचे पाणी मी गेल्या जुलैत सांगलीला तपासून आणले. नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट. ते उसाच्या खताचे असेल, अशी दोन दिवस समजूत घातली. पण शिसेही निघाले, आणि शिसे उसाला कुणी घालत नाही; ते जुन्या धातूतून तेजाबात उतरते. तेव्हापासून आमच्याकडे जारचे पाणी येते. त्रिशलाला वाटते, माझ्या छातीसाठी. चाचांना बोललो नाही. त्यांची सून अर्फा माहेरी साताऱ्याला बाळंत झाली. उद्या सव्वा महिन्याचे बाळ घेऊन येते आहे. मी गेल्यावर अहवाल चाचांना द्यावा आणि माझा साताऱ्याचा प्लॉट विकून त्यांना नळाची लाइन आणून द्यावी.

इथवर साक्षीदारांना, संयोगिताताई व सुभेदार ज्ञानूतात्यांना, वाचून दाखवले. तात्यांनी चष्मा काढला.

"आन् समजा, तू वाचलास तर?"

"तर काय, तात्या?"

"तर ती पोरगी बाळाला त्येच पाणी पाजणार, तू मरूस्तवर. तुझं चांगलं झालं की त्यांचं वाटोळं, व्हय रं? लय भारी मृत्युपत्र लिव्हलंस गड्या."

कलम ५ मधील 'मी गेल्यावर' हे शब्द दोघांसमोर खोडले व समासात सही केली. बाकी कायम.

लिहून ठेवणार: मदन भूपाल मगदूम (सही)

आमच्यासमोर सही केली:
ज्ञानू सखाराम होनमाने, निवृत्त सुभेदार, सातारा (सही)
संयोगिता पुदाले, शिक्षिका, पलूस (सही)

उद्या: साताऱ्याहून येणाऱ्या सकाळच्या एसटीला स्टँडवर जाणे, अहवाल घेऊन.