वीस फोटो आणि माझी पात्रता

३ मार्च १९९४, ग्रिम्सबी
फोटोग्राफर मंडळाचं पत्र. यंदापासून शाखेचा चिटणीस पात्रता-परीक्षा पास झालेला हवा. वीस फोटो मांडायचे, तीन परीक्षक. नापास झालं की पद गेलं. अकरा वर्षं मी चिटणीस आहे. सतरा जणांना याच परीक्षेचं मार्गदर्शन केलंय, सगळे पास. स्वतः बसायला सवड मिळाली नाही, इतकंच. घाबरायचं कारणच नाही. जेवण गेलं नाही. मासा शिळा असावा.

९ मार्च
बायकोने, मॅव्हिसने, विचारलं रात्रभर जागा का. चहा कडक होता म्हणालो. ठराव: उद्यापासून रोज पहाटे सहाला उठून फोटो निवडणे.

१० मार्च, सकाळी साडेनऊ
उठलो.

२२ मार्च
मी टिपलेल्या चारशे लग्नांतून वीस फोटो म्हणजे हातचा मळ. अकरा निघाले. उरलेले नऊ ‘वातावरण’ म्हणून घुसडले.

६ एप्रिल
दुपारी डुलकीत परीक्षक फोटो हाताळताना घालतात ते पांढरे हातमोजे दिसले. नुसते हातमोजे, माझे फोटो उचलून खाली ठेवताहेत. घामाने निथळलो. डॉक्टर म्हणतात हृदय ठणठणीत आहे. त्यांना फोटोग्राफीतलं काय कळतं!

१९ एप्रिल
नियमावली पुन्हा वाचली. फोटोंवर नाव नसतं. उमेदवार प्रेक्षकांत बसतो, ब्र काढायचा नाही. नापास झाला तर नाव पुकारतच नाहीत! म्हणजे माझं नाव आलं नाही, तर मीच परीक्षा पुढे ढकलली म्हणून सांगायचं. सुटलो. फक्त माझा शिष्य कॉलिन अख्ख्या शाखेसाठी बस ठरवून बसलाय. नको म्हटलं, तर म्हणे, सर, तुमच्या मोठ्या दिवशी आम्ही घरी बसू?

७ मे, परीक्षेची संध्याकाळ
माझे फोटो लागले. संशय नको म्हणून शेजारच्या कॉलिनला कुजबुजलो, काय हे भिकार काम, कुणाचं असेल? तो मान डोलवून हसला.
परीक्षक बाई भिंग घेऊन चौदा नंबरवर वाकल्या. नवरी गाडीतून उतरतानाचा फोटो.
“नवरी हललीय,” त्या म्हणाल्या. “पण गाडीच्या चकचकीत दारात फोटोग्राफरचं प्रतिबिंब दिसतंय. तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले. फार भ्यालाय बिचारा. वीस फोटोंत हा एकच चेहरा फोकसमध्ये आहे.”
कॉलिन उठून पुढे गेला, भिंगातून पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाला, “सर, टायसुद्धा हाच आहे.”
सतराच्या सतरा शिष्यांच्या माना वळल्या. माझी बोबडी वळली.

८ मे
नाव पुकारलंच नाही. राजीनामा दिला. चिटणीस कॉलिन.
मॅव्हिसने विचारलं, “खूप घाबरतोस का रे लग्नांत?”
छे, म्हणालो.
तिने चौदा नंबर माझ्यापुढे ठेवला.