तुमच्या भाषेतला भविष्यकाळ

सिस्टर, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली. आता मीही म्हातारी झाले, आणि दुपारी एकटी बसले की दवाखान्याचं ते स्वयंपाकघर डोळ्यांपुढं येतं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, सासरच्यांनी मला टेंभुर्णीला माहेरी आणून सोडलं. तिथं आजारी पडले म्हणून दादानं जालन्याच्या मिशन दवाखान्यात आणलं. बरी झाले, ती तिथंच पट्ट्या उकळायला राहिले.

पाणी उकळेपर्यंत तुम्ही मला तुमची स्पॅनिश शिकवायचात. आपल्या भाषेत बोलायला तुम्हाला तिथं कुणीच नव्हतं, हे आता कळतं. सुरुवात भविष्यकाळापासून केलीत, कारण तो सोपा. क्रियापदं तीन जातींची, पण भविष्यकाळात तिन्हींच्या शेपट्या सारख्याच. अख्खं क्रियापद तसंच ठेवायचं, काही तोडायचं नाही, नुसती शेपटी जोडायची. आब्लार म्हणजे बोलणं. आब्लारे, मी बोलीन. आब्लारास, तू बोलशील. आब्लारा, ती बोलेल. कोमेर म्हणजे खाणं, त्याचं कोमेरे. बिबिर म्हणजे जगणं, त्याचं बिबिरे. मी पट्ट्या पिळत घोकायचे. पण तुम्ही "उद्या काय करशील?" असं विचारलंत की माझं उत्तर ठरलेलं, "दादा म्हणेल तसं होईल." एकदा तुम्ही हातातला चिमटा आपटलात. "होईल, होईल! कोण करील? तू कुठं त्यात?" तुमचं मराठी मोडकं होतं, पण ते बराबर लागलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत दादा बैलगाडी घेऊन आला. तुम्ही दारातच उभ्या होतात.

"चाल घरी," तो मला म्हणाला. "तुझी भावजय पोटुशी हाय. कापूस फुटून पडलाय, हात कमी पडून राह्यलेत."

दादा वाईट नव्हता, थकला होता. मी गाठोडं बांधायला वळले. तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, "बोल्बेरास?" परत जाशील? धडा विचारावा तसं. आणि धड्याचं उत्तर द्यावं तसंच माझ्या तोंडून निघालं, "नो बोल्बेरे."

"काय म्हणाली?" दादानं विचारलं. मग ते मराठीत सांगणं आलं. "मी न्हाई येणार, दादा. मी इथंच राहीन. सुईणीचं काम शिकीन."

"लोकायला काय सांगू मी?"

"सांग, बहीण शिकून राह्यली."

तो ओट्यावर बसला. तुम्ही दिलेला चहा प्यायला, मग गाडी जुंपली. "शीक मंग," एवढंच म्हणाला. हिवाळा सरता सरता तोच भावजयीला गाडीत घालून घेऊन आला. मूल आडवं होतं. तुम्ही सांगत गेलात, मी करत गेले. पोरीचं रडणं ऐकू आलं तेव्हा दादा बाहेर भिंतीला टेकून डोळे पुसत होता.

पुढं मी परीक्षेला औरंगाबादला गेले. निघताना तुम्ही म्हणालात, "आलीस की भूतकाळ शिकवीन." मी परतले तेव्हा तुम्हाला तापानं नेलं होतं.

आज तुमच्याच भाषेत लिहायला बसले होते. पण सांगायचं ते सगळं घडून गेलेलं, आणि घडून गेलेलं कसं लिहायचं ते मला येत नाही. म्हणून मराठीत लिहिलं. हे कुठं धाडायचं नाहीच. धाडलं असतं तरी तुमच्या मोडक्या मराठीत तुम्हाला यातलं अर्धंच वाचता आलं असतं, आणि खरं सांगते, म्हणूनच न लाजता एवढं लिहू शकले.