आडवा दोरा

१३ जानेवारी, सोमवार
कामावर गेलो. सव्वीस दिवसांनी. टेबलावर धूळ नव्हती, कुणीतरी पुसत होतं. विणकामाचे मास्तर दारात येऊन उभे राहिले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. शेवटी म्हणाले, "तीन नंबरच्या मागाचा पट्टा बदलला." मी म्हटलं, बरं झालं.
डबा तसाच परत आणला.

१५ जानेवारी
साहेबांनी नवा माणूस भेटीला आणला, खरेदी खात्यातला. त्याला विचारायचं होतं, मी नक्की काय करतो. टायरच्या आतलं कापड आखतो, म्हणालो. त्याला वाटत होतं टायर म्हणजे नुसतं रबर. सगळ्यांनाच वाटतं. रबर एकटं असेल तर पहिल्याच खड्ड्यात फुगा होईल. वजन पेलतात ते आतले दोरे. नायलॉनच्या दोन पदरांना आधी एका बाजूने पीळ, मग दोघांना मिळून उलट्या बाजूने. असे दीड हजार दोरे शेजारी शेजारी, उभे. आडवे अगदी थोडे, बारीक सुताचे, बोटभर अंतरावर एक. आडव्या दोऱ्याचं काम एवढंच — रबर चढेपर्यंत उभ्यांना जागेवर धरायचं. पुढे टायर फुगवताना त्याने तुटायचं. तुटला की उभे दोरे सारखे पसरतात.
"तुटण्यासाठी घालता?" तो म्हणाला.
हो.
ती म्हणायची, तू जे करतोस ते कुणाला कधी दिसत नाही, आणि दिसलं तर अपघात झालेला असतो.

१७ जानेवारी
ती जाऊन आज एक महिना होतो की उद्या? उद्या.

१९ जानेवारी, रविवार
घरी दोघंच. मी आणि सासूबाई. लिहून ठेवायला हवं, कारण कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही — आम्ही अजून तिच्यातर्फेच बोलतो.
अकरा वर्षं हेच चाललं. त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या दिवसापासून. टेबलाला चार बाजू, एक भिंतीला. मधल्या बाजूला सासूबाई, त्यांच्या उजव्या हाताला ती, डाव्या हाताला मी. त्या तिच्याकडे वळून म्हणायच्या, "विचार गं यांना, आणखी वाढू का." मी तिला म्हणायचो, नको म्हणून सांग. मग ती मोठ्याने — "नको म्हणतो!" मी दोन हातांवर बसलेलो. मला त्यांचा फक्त अंबाडा दिसायचा.
लग्नाच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, "टायरवाला?" तेवढं एकच माझ्यासमोर. मला वाटतं तेच चालू आहे अजून.
आता खुर्ची रिकामी आहे. तरी त्या तिकडेच वळतात. आज म्हणाल्या, "सांग यांना, दाढी करा म्हणावं." मीही खुर्चीला म्हणालो, करतो म्हणून सांग. त्या काही बोलल्या नाहीत. खुर्चीही नाही.
केली दाढी.
दुपारी त्या कापड उसवत बसल्या होत्या. नमुन्याचे तुकडे मी घरी आणतो, त्या त्यातले उभे दोरे काढून गुंडी करून ठेवतात. वाळत घालायच्या दोऱ्या, कुंडीतल्या वेलींना आधार, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे — सगळं माझ्या दोऱ्यांनी बांधलेलं. आज कुरकुर. खुर्चीला म्हणाल्या, "यांना सांग, या खेपेचा आडवा दोरा तुटतच नाही. एरवी नुसतं ओढलं की सुटतं. आज कात्री लागली."
कात्रीला धार नसेल.

२४ जानेवारी
मेहुण्याचा फोन. आईला घेऊन जातो म्हणाला. २३ फेब्रुवारी, रविवार, तेव्हा त्याची गाडी मोकळी आहे. "आता तिथे ठेवून काय करायचं? तुम्हालाही अवघडल्यासारखं होत असेल."
मी म्हटलं, नाही, तसं काही नाही.
"तुम्ही तसंच म्हणणार."
त्याचं बरोबर आहे. मी तसंच म्हणतो नेहमी.
त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. इथे लिहितो म्हणजे एकदा कुठेतरी लिहिलेलं असेल. सकाळी दुसऱ्या खोलीत कुणाच्यातरी चपलांचा आवाज येतो. तो बंद झाला तर घरात फक्त फ्रीज उरेल. आणि तिचं लहानपण दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? परवा त्या खुर्चीला म्हणाल्या, "शाळेत असताना तू दप्तरात मांजर नेलं होतंस." मला हे माहीत नव्हतं. अकरा वर्षांत तिने सांगितलं नव्हतं.

२८ जानेवारी
आज विचारलं. जेवताना. चार दिवस वाक्य तयार करत होतो. खुर्चीकडे बघूनच म्हणालो, "त्यांना सांग, राहायचं असेल तर राहावं. मला बरं वाटेल."
त्या उठल्या. ताट उचललं. म्हणाल्या, "दूध उतू जाईल."
उत्तर मिळालं.

२९ जानेवारी
काही नाही.

६ फेब्रुवारी
टायर कारखान्याची तक्रार आली. डिसेंबरच्या खेपेतलं आमचं कापड. टायर फुगवला की बाजूच्या भिंतीवर उंचवटे येतात. कापून पाहिला तर दोरे सारखे पसरलेले नाहीत — एका ठिकाणी गर्दी, दुसऱ्या ठिकाणी फट. सत्त्याऐंशी टायर बाद. रस्त्यावर एकही गेलेला नाही, तपासणीतच सापडले. एवढं एक चांगलं.
कापड माझ्या आखणीचं. साहेब म्हणाले, "शोधा."

८ फेब्रुवारी
पीळ मोजला. बरोबर. दर मीटरला तीनशे नव्वद फेरे, ना कमी ना जास्त. कापड तापवतात त्या भट्टीचे आकडे पाहिले. बरोबर. दोऱ्याला रबर धरावं म्हणून त्याला जे लेटेक्सचं पाणी देतात तेही बरोबर. मास्तर म्हणाले, "विणकाम तर दृष्ट लागेल असं आहे."
दृष्ट लागली बहुतेक.

१० फेब्रुवारी
अजून सापडत नाही. भट्टीवाला म्हणतो पीळ. पीळवाले म्हणतात भट्टी. मी सगळ्यांचं ऐकून घेतो. ऐकून घेणं मला जमतं असं मला वाटत होतं.

११ फेब्रुवारी
सापडलं!
काल जेवण झाल्यावर सासूबाई पुन्हा उसवायला बसल्या. कात्रीने. दर बोटावर कट — कट — कट. अकरा वर्षांत त्यांच्या हातात या कामाला कधी कात्री पाहिली नव्हती. मग ही वही काढून मागची पानं चाळली. १९ जानेवारी. त्यांनी सांगितलं होतं. स्पष्ट! मी कात्रीच्या धारेबद्दल लिहून मोकळा झालो होतो.
सकाळी सहालाच कारखान्यात गेलो. डिसेंबरचा रोल उघडला, आडवा दोरा बोटात धरून ओढला. बोटावर वळ उठला, दोरा तसाच. साधं सूत नव्हतं ते, पॉलिस्टर मिसळलेलं होतं. ते टायर फुगवताना तुटणार नाही, आणि जिथे तुटेल तिथे कसंही तुटेल.
मग आखणीचं कार्ड काढलं. विणकामवाल्यांनी मनाने बदललं असेल अशी आशा होती. कार्ड ५ डिसेंबरचं. आडव्या दोऱ्याच्या रकान्यात मिश्र धागा. माझी सही. बदलाचं कारण लिहायची चौकट असते, तिथे कुणी कधी लिहीत नाही. मी लिहिलं होतं — "तुटू नये म्हणून."
अक्षर माझंच. ५ डिसेंबरला मी दवाखान्याच्या बाकावर बसून कार्डं भरत होतो. डॉक्टर त्या दिवशी दोनदा बोलायला आले होते.

१२ फेब्रुवारी
साहेबांना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, घातला, वाचलं. एकदम आवाज चढला — "अहो, तुटू नये म्हणजे काय! आडवा दोरा आहे तो, संसार नव्हे! तुटायलाच हवा!"
मग कार्ड पालथं ठेवलं.
"चहा घेणार?" म्हणाले.
घेतला. साखर जास्त होती.
एक्केचाळीस रोल परत येणार. नोकरी राहील असं दिसतं. माझ्या कार्डांवर यापुढे दुसऱ्या कुणाचीतरी सही लागेल, तेही योग्यच आहे. बाहेर मास्तर भेटले. मान खाली. "मी वाचलं होतं हो कार्ड. खटकलंही होतं. पण तुमच्या घरी तसं चाललेलं — म्हटलं, विचारायचं कसं?"
मी म्हटलं, विचारायचं.
मलाच कुणीतरी सांगत असल्यासारखं वाटलं.

१४ फेब्रुवारी
सासूबाईंना सांगायला हवं होतं की चूक त्यांनी पकडली. संध्याकाळी त्या टीव्ही पाहत होत्या. टीव्ही इतका मोठा की शेजारची बाई भिंतीवर थापा मारते. मी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं ते बरोबर होतं." खुर्चीतर्फे नाही. सरळ. पहिल्यांदा.
त्यांनी मान वळवली नाही. बातम्या संपल्या, हवामान आलं. मी थोडा वेळ उभा राहिलो. उद्या थंडी कमी होणार म्हणे.
टायरवाला तो टायरवाला.

१८ फेब्रुवारी
दोन महिने.
त्या आवराआवर करतायत. तिची शाल बॅगेत ठेवली, काढली, ठेवली. शेवटी माझ्या उशीवर आणून ठेवली.

२० फेब्रुवारी
खोकी बांधायची होती. त्या खुर्चीला म्हणाल्या, "सांग यांना, दोरा पुरणार नाही." बाद रोलमधला आणून दिला. उभ्या दोऱ्यात काही खोट नाही. चार खोकी, एक गादी. बांधली मीच. पिळाच्या दोऱ्याला साधी गाठ धरत नाही, दुहेरी मारावी लागते. त्या बोटाने दाबून बघत होत्या. म्हणाल्या, "घट्ट बांधतात हो, म्हणावं."
एक दोरा चोवीस किलो पेलतो. त्यांचं जायचं सामान वाटेत सुटणार नाही याची खात्री मी केली आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
मेहुण्याचा फोन. उद्या दहाला येतो. गाडीत सामान कसं बसेल यावर दहा मिनिटं. मग म्हणाला, "आईला पुढेच बसवा, मी चालवणार ना, मागे बसली तर माझा एक शब्द कळायचा नाही तिला. तिचा डावा कान गेलेला."
गेलेला म्हणजे?
"म्हणजे ऐकू येत नाही! मी पाचवीत होतो तेव्हापासून. उजव्यानेही बेताचंच. ताईने सांगितलं नाही तुम्हाला?"
नाही.
"शपथ घातलेली असणार आईने. जावयाला कळता कामा नये. बहिरी म्हातारी पदरात घातली म्हणतील, असलं काहीतरी. म्हणून तर ताई कायम तिच्या उजव्या बाजूला! तुमचं सगळं तीच ओरडून सांगायची की. आणि तुम्ही हे असे हळू बोलणारे."
मी म्हटलं, हो, हळू बोलतो.
"काय?" मेहुणा म्हणाला.
फोन ठेवून टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. मधली बाजू त्यांची. उजव्या हाताला ती. डाव्या हाताला मी. अकरा वर्षं.
मग वही उघडली. २८ जानेवारी. १४ फेब्रुवारी. दोन्ही पानं दोनदा वाचली.

२३ फेब्रुवारी, रविवार
सकाळच्या चहाला तिच्या खुर्चीवर बसलो. त्या दचकल्या. मोठ्याने म्हणालो — शेजारची बाईही उठली असेल — "राहा. मला बरं वाटेल."
माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढे दिवस काय तोंडात धरून बसला होतात?"
२८ जानेवारीचं पान दाखवलं नाही.
दहाला आलेला मेहुणा रिकामी गाडी घेऊन परत गेला. खोकी सोडायला कात्री लागली.